रोटर खरखरू लागला की…

घड्याळ कानाशी धरा आणि मनगट सावकाश डावी-उजवीकडे कलवा. सुस्थितीतल्या ऑटोमॅटिक घड्याळाचा रोटर फिरताना मंद, एकसारखी सरसर ऐकू येते. काही मशीनमध्ये तीही येत नाही. त्याऐवजी धातूवर धातू घासल्यासारखी खरखर येत असेल, मधूनच एखादा ठोका जाणवत असेल, किंवा दिवसभर हातात घातलेले घड्याळ रात्री काढून ठेवल्यावर पहाटेच बंद पडत असेल, तर रोटरच्या बेअरिंगकडे पाहण्याची वेळ आली आहे. हे काम पुढे ढकलू नये. बेअरिंग छोटे आणि त्या मानाने स्वस्त असते. पण ते झिजल्यानंतर जी धातूची पूड पडते ती सगळ्या मशीनचे नुकसान करते.

रोटर म्हणजे मशीनच्या पाठीवर फिरणारे अर्धवर्तुळाकार वजन. हात हलला की तो स्वतःच्या भाराने खाली झुकतो, त्याच्या मध्याशी असलेले दाते पुढच्या चाकांना फिरवतात आणि बॅरलमधली मेनस्प्रिंग गुंडाळली जाते. रोटरचा भार मुद्दाम बाहेरच्या कडेला दिलेला असतो आणि तो सगळा तोलला जातो मधल्या एका बेअरिंगवर. सायकलच्या हबमध्ये असतात तसेच छर्रे इथेही असतात, फक्त एक मिलिमीटरपेक्षा लहान. आतली रिंग ब्रिजला स्क्रूने घट्ट, बाहेरची रिंग रोटरबरोबर फिरणारी आणि दोहोंमध्ये छर्रे, एवढीच ही रचना.

रोटरला छर्रे देण्याची पद्धत स्वित्झर्लंडच्या एटर्ना कंपनीने १९४८ साली ‘एटर्ना-मॅटिक’ या घड्याळातून रूढ केली. त्या बेअरिंगमध्ये पाच छर्रे होते आणि तेच पाच ठिपके पुढे कंपनीचे चिन्ह झाले. त्याआधीचे रोटर साध्या आसावर फिरत. छर्रे आल्यानंतरही सगळ्यांनी ते लगेच स्वीकारले नाहीत. ओमेगाच्या ५५० मालिकेतले रोटर साध्या बुशवर, म्हणजे छर्रे नसलेल्या धातूच्या नळीवर, फिरतात. रोलेक्सने १९८८चे ३१३५ हे कॅलिबर (म्हणजे मशीनचे मॉडेल) आसावरच ठेवले आणि छर्र्यांचे बेअरिंग २०१५ साली आलेल्या ३२३५मध्ये दिले. आपल्या घड्याळात यांपैकी कोणती रचना आहे हे आधी कळायला हवे, कारण दुरुस्तीची रीत त्यावरच ठरते.

बेअरिंग का झिजते? पहिले कारण वय आणि घाण. छर्र्यांवरचे तेल सुकते, त्यात धूळ मिसळते आणि त्या मिश्रणाने रिंगच्या कडा घासल्या जातात. दुसरे कारण धक्के. घड्याळ घालून हातोडी चालवणे, क्रिकेट खेळणे, खड्ड्यांच्या रस्त्यावरून रोज मोटारसायकल हाकणे, यांत प्रत्येक दणक्याला रोटरची जड कड वर-खाली झटका घेते आणि तो झटका इवल्याशा छर्र्यांवर येतो. तिसरे कारण ओलावा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा मुंबईच्या पावसाळ्यात, झाकणाची रबर रिंग कडक झालेली असेल तर दमट हवा आत शिरते. पोलादी छर्र्यांवर तांबूस गंज एकदा चढला की बेअरिंग कितीही धुतले तरी पूर्ववत होत नाही.

आता त्या पुडीबद्दल. मध्याशी बेअरिंगमध्ये पडलेला अगदी थोडा खेळ कडेला कितीतरी मोठा होतो. छर्र्यांच्या वर्तुळाची त्रिज्या दोन मिलिमीटर आणि रोटरची बारा मिलिमीटर धरली, तर मध्याशी दोन शतांश मिलिमीटर खेळ आला की कडेशी तो बारा शतांश होतो. रोटर आणि ब्रिज, किंवा रोटर आणि पाठचे झाकण यांच्यात जागा मुळातच कमी असते. मग रोटरची कड घासू लागते. झाकणाच्या आतल्या बाजूला चकचकीत कमानीसारखा ओरखडा उमटतो, ब्रिजवरचा मुलामा खरवडला जातो आणि सोनेरी-काळपट भुकटी सुटते. ती तेलात मिसळते आणि चाकांच्या टोकांशी, ती टोके ज्यांत फिरतात त्या ज्वेलमध्ये म्हणजे खड्यांमध्ये जाऊन बसते. तेल आता घासण्याच्या पेस्टसारखे काम करू लागते. या अवस्थेत नुसता रोटर बदलून भागत नाही. पूर्ण मशीन उघडून धुवावे लागते.

पण प्रत्येक खरखर बेअरिंगची नसते, आणि इथेच घाई महागात पडते. सगळ्यात जास्त आढळणारे कारण अगदी साधे आहे: रोटरचा मधला स्क्रू सैल झालेला असतो. त्याच्यापाठोपाठ ऑटोमॅटिक यंत्रणेच्या ब्रिजचे स्क्रू. दोन्ही नीट आवळल्यावर आवाज गेला तर बेअरिंगला हात लावायचे कारण नाही. तिसरी शक्यता म्हणजे पाठचे झाकण आत दबलेले असणे, किंवा कुणीतरी दुसऱ्याच घड्याळाचे झाकण बसवलेले असणे. मग बेअरिंग नवे असले तरी रोटर घासणारच. हे ओळखण्याची सोपी रीत अशी: झाकण उघडून मशीन केसमध्येच ठेवा आणि घड्याळ हळूच कलवून रोटर फिरवा. उघडे असताना आवाज पूर्ण थांबत असेल आणि झाकण लावल्यावर परत येत असेल, तर झाकण आणि रोटर यांच्यातले अंतर तपासा.

काही मशीनचा आवाज तर निर्दोषच असतो. मियोटाची ८२०० मालिका आणि क्रोनोग्राफ घड्याळांतले ईटीए ७७५० ही एकाच दिशेने चावी भरणारी मशीन आहेत. उलट्या दिशेला त्यांचा रोटर मोकळा सुटतो आणि गरगर फिरतो. ७७५०चा रोटर तर मनगटाला जाणवेल इतका झोका देतो. अशी घड्याळे वापरणाऱ्यांनी तो झोका दोष समजू नये.

आणखी एक लक्षण नीट समजून घ्या, कारण दुकानांतही त्याची गल्लत होते. ईटीए २८२४-२सारख्या मशीनला क्राउनने चावी देताना रोटरही सोबत फिरू लागला, तर तो दोष बेअरिंगचा नाही. दिशा बदलणाऱ्या दोन चाकांचा आहे. या चाकांच्या आतल्या खिट्ट्या सुकलेल्या तेलाने चिकटतात आणि चावीचा जोर उलटा रोटरकडे जातो. ही चाके धुऊन त्यांना योग्य तेल दिले की लक्षण जाते; मोबियस कंपनीचे व्ही१०५ हे त्यासाठीच बनवलेले आहे. मात्र घड्याळ तसेच वापरत राहिले तर चावी देताना रोटर इतक्या वेगाने फिरतो की चांगले बेअरिंगही त्यापायी झिजते. म्हणून अशा घड्याळात दोन्ही गोष्टी एकत्र तपासाव्यात आणि काम होईपर्यंत क्राउनने चावी देणे बंद ठेवावे.

घड्याळ मध्येच थांबते आहे, पण कारण कळत नाही, अशा वेळी एक चाचणी घरी करता येते. क्राउनने पूर्ण चावी द्या आणि घड्याळ टेबलावर ठेवून द्या. २८२४-२ अशा स्थितीत सुमारे ३८ तास चालायला हवे. तेवढे चालले, पण हातात घातल्यावर मात्र लवकर थांबत असेल, तर मूळ मशीन ठीक आहे आणि दोष चावी भरणाऱ्या भागात आहे. पूर्ण चावी देऊनही ते लवकर थांबत असेल, तर निव्वळ रोटरमागे लागू नका. सेको ७एस२६ला क्राउनने चावी देता येत नाही. तिथे दोन-तीन मिनिटे घड्याळ आडवे धरून गोल फिरवत पुरेशी चावी भरावी लागते आणि मगच अंदाज घेता येतो.

हे काम स्वतः करायचे की घड्याळजीकडे द्यायचे? माझे मत स्पष्ट आहे. ज्यांनी आधी स्वस्तातल्या मशीनवर हात बसवला आहे, ज्यांच्याकडे दहा पटींचे भिंग, नीट घासून धार जुळवलेले स्क्रू-ड्रायव्हर, मशीन होल्डर आणि बोटांच्या रबरी टोप्या आहेत, त्यांनी रोटर काढणे, धुणे आणि तयार जोड बसवणे जरूर करावे. बेअरिंग ठोकून काढणे आणि नवे दाबून बसवणे मात्र स्टेकिंग सेट किंवा ज्वेल बसवण्याचा प्रेस असणाऱ्यानेच करावे. वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ शिकण्यासाठी वापरू नये. जुन्या ओमेगाचा किंवा रोलेक्सचा रोटर तर अनुभवी हातांकडेच द्यावा.

आता २८२४-२ डोळ्यांपुढे ठेवून कामाचा क्रम पाहू. हे मशीन २५.६ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.६ मिलिमीटर जाडीचे आहे. मध्यम किमतीच्या स्विस घड्याळांत ते इतके वापरले गेले की बहुतेक दुरुस्तीवाल्यांच्या हाताखालून ते गेलेले असते. कॅलिबरचा आकडा बॅलन्स व्हीलच्या खाली, प्लेटवर कोरलेला असतो. आधी तो वाचा. बाहेर डायलवर काय लिहिले आहे यावर भरवसा ठेवू नका.

टेबलावर पांढरा कागद, वर पुरेसा उजेड, पंखा बंद. झाकण उघडल्याबरोबर ते उलटे करून आतली बाजू पाहा. घासल्याची कमान कुठे आहे, पूर्ण वर्तुळात आहे की एकाच बाजूला? पूर्ण वर्तुळभर असेल तर बहुधा बेअरिंग झिजले आहे किंवा स्क्रू सैल आहे; एकाच बाजूला असेल तर झाकण दबले आहे का ते आधी बघा. रबर रिंगवर आणि केसच्या कडेला भुकटी दिसली तर रोडिकोने (कण टिपण्याच्या चिकट पुट्टीने) टिपून घ्या. तोंडाने फुंकू नका. श्वासातला ओलावा पोलादी भागांवर बसतो.

नंतर मधला स्क्रू आवळलेला आहे याची खात्री करून खेळ तपासा. भिंग डोळ्याला लावा, मशीन डोळ्यांच्या पातळीला आडवे आणा आणि लाकडी काडीच्या टोकाने रोटरची कड अगदी हलकेच वर उचला. चांगल्या बेअरिंगमध्येही कड किंचित हलते. पोलादी छर्र्यांना तेवढी मोकळीक लागतेच. पण कड ठळकपणे वर-खाली डुलत असेल, किंवा सोडल्यावर ब्रिजला टेकत असेल, तर शंका उरत नाही. त्याच कॅलिबरचे दुसरे चांगले मशीन मिळाले तर दोन्ही शेजारी ठेवून पाहावे, म्हणजे नजर लवकर तयार होते. मग मशीन उभे धरून सावकाश फिरवा. रोटर कोणत्याही कोनात आपणहून सर्वांत खालच्या जागी यायला हवा. मध्येच कुठे अडून राहिला, तर छर्र्यांत घाण आहे किंवा रिंगला खड्डा पडला आहे.

स्क्रू काढताना खाचेच्या रुंदीइतकेच पाते घ्या. अरुंद पाते खाचेतून घसरते आणि ब्रिजवर ओरखडा उमटतो, तो कायमचा. दुसऱ्या हाताच्या टोपी घातलेल्या बोटाने रोटर स्थिर धरा, नाहीतर फिरवण्याचा जोर थेट चाकांच्या दात्यांवर जातो. नेहमीचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. पण घड्याळांमध्ये उलट्या आट्यांचे स्क्रूही असतात. डोक्यावर एकाऐवजी तीन समांतर खाचा दिसल्या तर तो उलट्या आट्यांचा आहे असे समजावे. नवख्यांकडून स्क्रूचे डोके तुटते ते बहुधा इथेच. नुसता रोटर काढताना मेनस्प्रिंगची चावी उतरवायची गरज नसते. त्याच्याखाली आणखी खोल जायचे असेल, बॅरलच्या ब्रिजपर्यंत, तर मात्र चावी आधी उतरवलीच पाहिजे.

रोटर हातात आला की लगेच नवे बेअरिंग शोधू नका. आधी धुऊन पाहा. घाणीने जाम झालेले बेअरिंग झिजलेल्यासारखेच वागते. लायटरचे पेट्रोल एका काचेच्या वाटीत घेऊन रोटरचा मध्यभाग त्यात बुडवा, आतली रिंग काडीच्या टोकाने फिरवत राहा, पेट्रोल काळे झाले की बदला. खिडकी उघडी ठेवा, आसपास ज्योत नको. रबरी फुग्याने हवा मारून पूर्ण सुकू द्या. आता आतली रिंग फिरवताना बोटाला काय लागते ते जाणून घ्या. गुळगुळीत फिरत असेल आणि खेळही कमी असेल, तर बेअरिंग वाचले. फिरताना कचकच जाणवली, छर्र्यांवर तांबूस डाग दिसले किंवा सुकल्यावर खेळ उलट वाढलेला दिसला, तर ते बदलायचेच. खेळ वाढलेला दिसतो याचे कारण असे की इतके दिवस ती जागा घट्ट चिखलाने भरून काढली होती.

बेअरिंग रोटरमध्ये कसे बसवलेले असते, हे कॅलिबरनुसार बदलते. काहींमध्ये ते दाबून किंवा रिव्हेट करून बसवतात, काहींमध्ये बारीक स्क्रूंनी धरलेले असते आणि काहींमध्ये रोटर आणि बेअरिंग मिळून एकच जोड विकला जातो. स्क्रूंचे असेल तर काम सोपे. रिव्हेटचे असेल तर स्टेकिंग ब्लॉकवर रोटर पूर्ण सपाट टेकलेला असायला हवा आणि आधार बेअरिंगच्या भोवती अगदी जवळून मिळायला हवा. रोटरचा मधला भाग पातळ पत्र्याचा असतो. आधार लांब असेल तर बेअरिंग निघण्याआधी पत्राच वाकतो. जुने बेअरिंग काढल्यावर भोकाच्या कडेचे बारीक धातूचे टोक साफ करा. नवे बसवताना जोर सरळ, उभ्या रेषेत आणि थोडाथोडा. प्रत्येक दाबानंतर थांबून बघा की रिंग सर्व बाजूंनी सारखी टेकली आहे का. शेवटी छर्रे मोकळे फिरतात याची खात्री करा, कारण रिव्हेट जास्त दाबले गेले तर बाहेरची रिंग आवळते आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी अडते.

एक वाईट पद्धत अजूनही चालते. बेअरिंग ढिले झाले की त्याच्या मध्याशी किंवा कडेला पंच मारून ते ‘घट्ट’ करून देतात. काही दिवस आवाज जातोही. पण पंचाने रिंग वेडीवाकडी होते, छर्रे एका ठिकाणी अडतात आणि झीज आधीपेक्षा वेगाने होते. बुश असलेल्या रोटरचे भोक पंचाने आवळणेही त्यातलेच. ही दुरुस्ती नव्हे. असे काम कुणी सुचवले तर सरळ नाही म्हणा.

रोटर परत बसवण्याआधी खालचा भाग नीट पाहा. ब्रिजवर बारीक कण चिकटलेले असतील तर रोडिकोने एकेक टिपा. बेअरिंगच्या दात्यांशी जुळणाऱ्या चाकाचे दाते भिंगातून तपासा; दात्याची टोके गोलावलेली किंवा तुटलेली असतील तर ते चाकही बदलायला लागेल. भुकटी बॅलन्सच्या आसपास किंवा ज्वेलमधल्या तेलात दिसली, तर रोटर बाजूला ठेवा आणि पूर्ण सर्विसिंग करून घ्या. टाइमग्राफर (घड्याळाची चाल मोजणारे यंत्र) असेल तर पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून अँप्लिट्यूड म्हणजे बॅलन्सच्या झोक्याचा कोन बघा. पूर्वी २८० अंशांच्या आसपास मिळणारा आकडा २२०वर उतरला असेल, तर तेल खराब झाले आहे असे समजण्यास पुरेसे कारण आहे.

तेलाबद्दल मतभेद आहेत, पण गोंधळायचे कारण नाही. कॅलिबरच्या तांत्रिक पत्रकात जे लिहिले आहे ते करा. झिर्कोनियाचे म्हणजे सिरॅमिक छर्रे असतील तर तेल द्यायचे नसते. ते कोरडेच चालावेत असे बनवलेले असतात. पोलादी छर्र्यांना तेल सांगितले असेल तर तेही अगदी सुईच्या टोकावर मावेल इतके. जास्त तेल बाहेर पसरते, धूळ धरते आणि रोटरला जड करते. बुश आणि आस असलेल्या जुन्या रोटरचे मात्र वेगळे: तिथे धातू थेट धातूवर किंवा ज्वेलवर घासतो, म्हणून मोबियस डी५ किंवा एचपी १३००सारखे दाट तेल आसाला द्यावे लागते. ओमेगा ५५० मालिकेतल्या कित्येक रोटरांची झीज वर्षानुवर्षे तेल न बदलल्याने झालेली असते. तिथे बुश आणि आस दोन्ही तपासावे लागतात. नुसता बुश बदलला आणि आसावर खाच पडलेली राहिली, तर नवा बुशही त्याच खाचेने झिजतो.

सेकोचे प्रकरण बरेच सोपे आहे. ७एस२६मध्ये रोटर आणि बेअरिंग एकच जोड असतो आणि मध्ये एक स्क्रू. बेअरिंग गेले की पूर्ण रोटर बदलायचा. त्याच्याखालची ‘मॅजिक लीव्हर’ ही यंत्रणा सेकोने १९५९ साली आणली. तिच्यात दिशा बदलणारी दोन चाके नाहीत. एक फाटेदार पट्टी ढकलते आणि ओढते, आणि रोटर कोणत्याही दिशेने फिरला तरी चावी भरली जाते. भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. रोटर काढला म्हणून या पट्टीला उगाच हात लावू नये. सेकोचेच एनएच३५ मशीन वापरणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा: नवे पूर्ण मशीन सहज मिळते, आणि जुन्यात पूड पसरलेली असेल तर धुण्याच्या मजुरीपेक्षा मशीन बदलणे कित्येकदा स्वस्त पडते. मला स्वतःला दुरुस्ती अधिक प्रिय आहे, पण ग्राहकाच्या पैशाचा विचार आधी.

आता भाग मिळण्याचा प्रश्न. ईटीएची मालकी असलेल्या स्वॅच ग्रुपने २०१६पासून स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना घाऊक विक्रेत्यांमार्फत होणारा ईटीएच्या सुट्या भागांचा पुरवठा बंद केला. त्यामुळे २८२४-२चे अस्सल बेअरिंग शोधायला वेळ लागू शकतो. सेलिटाचे एसडब्ल्यू२००-१ याच रचनेवर बनलेले आहे आणि त्याचे बरेच भाग जुळतात. तरी ‘जुळतात’ या शब्दावर थांबू नका. व्यास, उंची आणि दात्यांची संख्या जुन्या भागाशी ताडून बघा. दात्यांची संख्या वेगळी निघाली तर भाग बसतो, पण चालत नाही.

आपल्याकडे एक खबरदारी जास्तच घ्यावी लागते. रंगवलेल्या डायलची, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून विकली जाणारी जुनी सेको, एचएमटी आणि फॅवर-ल्यूबा घड्याळे जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. असे घड्याळ हाती आले तर रोटर त्याच मशीनचा आहे का हे आधी बघा. सेकोच्या झाकणावरच्या क्रमांकातली पहिली चार अक्षरे म्हणजे कॅलिबर, आणि ७एस२६च्या रोटरवरही कॅलिबर कोरलेले असते. दोन्ही जुळत नसतील तर खरखरीचे कारण झीज नसून चुकीचा रोटर असू शकतो. तिथे नवे बेअरिंग घालणे म्हणजे पैसे वाया.

सगळे जागेवर आल्यावर स्क्रू पक्का आवळा, पण जोर लावून नव्हे. रोटर फिरवून पाहा: कड ब्रिजपासून सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर आहे ना? काही कॅलिबरमध्ये पत्रा वाकला असेल तर एका बाजूला कड खाली उतरलेली दिसते. ती चिमट्याने सरळ करण्याचा मोह आवरा. वजन काढून सपाट ब्लॉकवरच ते दुरुस्त करतात. मग झाकण तात्पुरते बसवून पुन्हा कानाशी धरा. आवाज मऊ असेल तरच झाकण पक्के लावा. रबर रिंग प्रत्येक वेळी नवी घाला, तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा. पाणीरोधक म्हणून वापरायचे घड्याळ असेल तर दाबाची तपासणी केल्याशिवाय ते पाण्यात नेऊ नका.

खरी परीक्षा हातात घातल्यावरच होते. घड्याळ पूर्ण थांबू द्या, मग वेळ लावून एक दिवस नेहमीसारखे वापरा आणि रात्री काढून ठेवा. सकाळी ते चालूच असायला हवे, आणि पुढचे दोन-तीन दिवसही तसेच. दिवसभर टेबलाशी बसून काम करणाऱ्यांच्या हाताची हालचाल कमी असते. अशांच्या बाबतीत घड्याळ थांबले म्हणून लगेच बेअरिंगला दोष देऊ नये, आधी एखादा जास्त चालण्या-फिरण्याचा दिवस जाऊ द्यावा.

घड्याळजीकडे काम दिले असेल तर तीन गोष्टी मागा. आधी आणि नंतर रोटरची कड किती हलते ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. कोणता भाग घातला, अस्सल की जुळणारा, हे पावतीवर लिहून घ्या. आणि जुने बेअरिंग कागदाच्या पुडीत परत मागून घ्या. प्रामाणिक कारागीर या तिन्हींना आनंदाने हो म्हणतो.